दादांची ड्यूटी: डिमेन्शिया झालेल्या माणसाला समजून घेत सांभाळायचं कसं

पहाटे साडेचारला दादा उठायचे, अंधारातच सदरा शोधायचे आणि दाराची कडी ओढायला लागायचे. "मुक्कामी गाडी आहे, पाचला सुटते," एवढंच म्हणायचे. दादा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. आम्ही सांगायचो, "दादा, तुम्ही रिटायर झालात, झोपा आता." ते चिडायचे. आम्ही दाराला कुलूप लावलं, तर ते दारावर धक्के मारायला लागले. झोपेची गोळी सुरू झाली, तर दिवसभर गुंगीत राहायला लागले आणि एकदा न्हाणीघरात पडले.

मग एका पहाटे माझ्या नवऱ्यानं त्यांना अडवलंच नाही. चहा टाकला आणि विचारलं, "दादा, आज कुठली गाडी?" दादांनी मार्ग सांगितला, मधले सगळे थांबे सांगितले, कुठल्या थांब्यावर दूधवाले चढतात तेही सांगितलं. चहा संपला, उजाडलं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "आज सुट्टी आहे वाटतं," आणि जाऊन आडवे झाले.

दादांना डिमेन्शिया होता, म्हणजे मेंदूच्या आजारानं स्मरणशक्ती आणि समज हळूहळू कमी होत जाणं. त्यांच्या आजारपणाची सात वर्षं आम्ही घरीच काढली. पहिली दोन चुकीच्या रीतीनं गेली, कारण आम्ही आजाराकडे बघत होतो आणि दादा बाजूला राहिले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी ज्या क्रमानं केलं असतं, त्याच क्रमानं पुढे लिहिते आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना, म्हणजे शंभरातल्या सात-साडेसात जणांना, डिमेन्शिया आहे. त्यातली बहुतेक माणसं आमच्यासारख्याच घरांत आहेत.

आधी तपासणी पूर्ण करा

"वय झालं, चालायचंच" या वाक्यात आमचं दीड वर्ष गेलं. डिमेन्शियासारखी दिसणारी काही कारणं उपचारानं सुधारतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेलं रक्त, चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम. रक्ततपासणी आणि मेंदूचं स्कॅन होईपर्यंत घरातल्या कुणीही निकाल देऊ नये. न्यूरोलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि निदान झालं की प्रकाराचं नाव विचारून लिहून घ्या. अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात रक्तदाब आणि साखर सांभाळणं फार महत्त्वाचं ठरतं. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणशक्ती बरी असताना आधी स्वभावच बदलतो, म्हणून घरचे त्याला 'बिघडलेला' समजतात. लेवी बॉडी प्रकारात खोलीत नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात, आणि या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी, भास आणि आरडाओरडा शमवायला दिली जाणारी औषधं जिवावर बेतू शकतात. म्हणून प्रकाराचं नाव तुम्हाला पाठ हवं.

त्याच फेरीत कान आणि डोळे तपासून घ्या. दादांच्या उजव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. "सांगितलेलं कळत नाही" अशी आमची जी तक्रार होती, त्यातली निम्मी तिथेच मिटली.

पाच गोष्टींची बेरीज

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवूड नावाचे प्राध्यापक होते. १९९८ साली ते वारले. डिमेन्शियाकडे निव्वळ मेंदूचा बिघाड म्हणून बघण्याला त्यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं होतं की समोर जे वागणं दिसतं ती पाच गोष्टींची बेरीज असते: मेंदूला झालेली इजा, माणसाचा मूळ स्वभाव, त्याचं आजवरचं आयुष्य, सध्याची तब्येत, आणि आजूबाजूची माणसं त्याच्याशी कशी वागतात ते.

मला या बेरजेनं फार धीर दिला. मेंदूची इजा माझ्या हातात नव्हती. पण तब्येत बऱ्यापैकी हातात होती, आयुष्य समजून घेता येत होतं, आणि शेवटची गोष्ट तर पूर्णपणे आमचीच होती. चांगल्या मनाची माणसंसुद्धा नकळत रुग्णाचं माणूसपण कसं हिरावून घेतात, याची किटवूड यांनी यादी केली होती. ती वाचताना मला आमचंच घर दिसलं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "काल रात्री यांनी काय केलं माहितीये का" असं पाहुण्यांना सांगणं. लहान मुलासारखं बोलणं. त्यांना झेपणार नाही इतकी घाई करणं. "काहीतरी बडबडतात" म्हणून उत्तरच न देणं. फसवून गाडीत बसवून दवाखान्यात नेणं. यातलं एकही आम्ही दुष्टपणानं केलं नव्हतं, आणि सगळं केलं होतं.

एक वही करा, आणि आजच करा

शंभर पानी साधी वही पुरते. पहिल्या भागात त्या माणसाचं आयुष्य लिहायचं. हे काम सुरुवातीच्या काळातच करा, म्हणजे त्यांनाही सांगता येतं. नंतर बहीण, भाऊ, जुने सहकारी, शेजारी यांना विचारा. आम्हाला सर्वांत जास्त माहिती दादांबरोबर काम केलेल्या एका ड्रायव्हरकाकांनी दिली. ज्या गोष्टी मुलाला माहीत नव्हत्या त्या त्यांना माहीत होत्या.

विचारायचं काय? जन्मतारीख आणि शिक्षण यात फार अडकू नका. लहानपणी त्यांना घरात काय म्हणायचे? कुणाच्या हातचं काय आवडायचं? अंघोळ सकाळी की संध्याकाळी, उभ्यानं की पाटावर? चहा कपातून की बशीतून? देवाधर्माचं किती? कशाची लाज वाटते, कशाची भीती? रडू कशानं यायचं? कुठल्या कामाचा अभिमान होता? कुठलं दुःख कधी बोललेच नाहीत? झोप कुठल्या कुशीवर? दमून घरी आल्यावर पहिलं काय करायचे?

दादांच्या वहीत एक ओळ अशी होती: "रोकड कमी भरली की पगारातून कापायचे." त्या एका ओळीनं आमचं सर्वांत मोठं भांडण मिटवलं. दादा रोज माझ्यावर आळ घ्यायचे की हिनं माझी पैशांची पिशवी चोरली. मी रडायचे, माहेरी निघून जावंसं वाटायचं. वहीतली ओळ वाचल्यावर कळलं की पिशवी म्हणजे कंडक्टरची चामड्याची पिशवी, आणि चोरीचा आळ म्हणजे हिशेब जुळत नसल्याची जुनी धास्ती. तशीच एक जुनी पिशवी आणली, तिच्यात सुट्टी नाणी घातली आणि ती त्यांच्या उशाशी ठेवली. आळ एकदम थांबले नाहीत. पण आले की मी म्हणायचे, "दादा, हिशेब लागत नाहीये का? चला, मिळून बघू." आम्ही दोघं पिशवी शोधायचो, ती सापडायची, आणि ते मोजायला बसायचे.

वहीचा दुसरा भाग रोजच्या नोंदींचा. गोंधळ झाला की चार ओळी लिहा: किती वाजता, त्याआधी काय घडलं, कोण होतं, नंतर कशानं शांत झाले. दोन आठवड्यांत काहीतरी दिसायला लागतं. आमच्याकडे दिसलं की सगळी आदळआपट टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळी व्हायची. टीव्ही बंद केला. इतकं सोपं होतं ते.

वागण्यामागे काय हवंय ते शोधा

किटवूड यांनी माणसाच्या गरजा पाच पाकळ्यांच्या फुलासारख्या मांडल्या: दिलासा, जवळीक, चारचौघांत सामावून घेतलं जाणं, हाताला काम, आणि 'मी कोण' याची ओळख. मधोमध प्रेम. गोंधळ उठला की मी मनात या पाचांवरून बोट फिरवते. पण त्याही आधी शरीर बघते: दुखतंय का, लघवी तुंबली आहे का, पोट साफ झालंय का, भूक, तहान, थंडी. ज्याला सांगता येत नाही तो वागून सांगतो.

*अंघोळीला नकार.* हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं. दादांच्या बाबतीत कारण शोधायला मला लाज वाटावी इतका उशीर लागला: समोर सून उभी होती. आयुष्यभर ज्या माणसानं सुनेसमोर बनियनवर बसायचं टाळलं, त्याला मी कपडे काढायला सांगत होते. दुसऱ्या दिवसापासून अंघोळ नवऱ्याकडे गेली आणि निम्मा विरोध संपला. बाकीचं असं करा: न्हाणीघर आधी गरम करून ठेवा, बसायला न हलणारं स्टूल द्या, मांडीवर पंचा राहू द्या, पाणी पायापासून वर घ्या, डोक्यावर एकदम तांब्या ओतू नका, आणि एक तांब्या त्यांच्याच हातात द्या. एखाद्या दिवशी नाहीच म्हणाले तर ओल्या फडक्यानं अंग पुसा. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आपला हट्ट आहे.

*"घरी जायचंय."* दिवेलागणीला हे वाक्य हमखास येतं, स्वतःच्या घरात बसूनही. "हेच तर घर आहे" हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगी आहे. 'घर' म्हणजे बहुतेक वेळा जिथे निवांत वाटत होतं ती जागा. "घरी कोण कोण आहे दादा?" असं विचारा. पायात चपला घालून बरोबर निघा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या, परत आल्यावर चहा द्या. अंधार पडण्याआधीच घरातले सगळे दिवे लावा. अर्धवट उजेडात सावल्या घाबरवतात.

*गेलेल्या माणसाची चौकशी.* सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दादा विचारायचे, "ही कुठे गेली?" पहिल्यांदा आम्ही खरं सांगितलं. ते त्याच क्षणी बातमी कळल्यासारखे कोसळले आणि तासाभरानं पुन्हा तोच प्रश्न. दर वेळी नव्यानं सुतक देणं ही क्रूरता आहे, असं माझं ठाम मत आहे. मग खोटं बोलायचं का? मी मोठ्या थापा रचत नाही, कारण त्या उघड्या पडल्या की विश्वास जातो. मी प्रश्नामागची भावना धरते: "आठवण येते का त्यांची? काय करायच्या त्या तुमच्यासाठी?" बहुतेक वेळा ते सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता शांत व्हायचे.

बोलायची रीत

समोरून या, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा, हाक मारा, मग बोला. एका वेळी एकच गोष्ट. उत्तराला वेळ द्या. मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायची मी सवय लावून घेतली. "काय जेवणार?" ऐवजी "भाकरी की पोळी?" असं विचारा, आणि शक्य तर दोन्ही दाखवा. आयुष्यभर ज्यांना अहो-जाहो केलं त्यांना आता अरे-तुरे करू नका, आणि मदतीला येणाऱ्या बाईंनाही करू देऊ नका.

पाहुण्यांना दारातच एक विनंती करा. आपल्याकडे आल्या आल्या "ओळखलंत का मला? सांगा पाहू मी कोण!" असं विचारायची पद्धत आहे. तो प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि त्या माणसाला चारचौघांत नापास केलं जातं. त्यापेक्षा "दादा, मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पेरू आणलेत तुमच्यासाठी" असं सांगत आत या. नाव विसरलं तरी आपला माणूस आलाय एवढं कळतं.

तोच प्रश्न विसाव्यांदा आला तर विसाव्यांदाही उत्तर द्या. त्यांच्यासाठी तो पहिलाच असतो. आवाज चढणार असं वाटलं तर दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी प्या. मी अनेकदा गेले आहे.

हाताला काम

रिकामा बसलेला माणूस अस्वस्थ होतो, डिमेन्शिया असो वा नसो. लसूण सोलणं, मेथी निवडणं, वाती वळणं, शेंगा फोडणं, टॉवेलच्या घड्या, झाडांना पाणी. काम आयुष्याशी जुळणारं असलं की ते खेळ वाटत नाही. दादा सकाळी नाण्यांच्या चळती लावायचे आणि आखलेल्या कागदावर आकडे भरायचे. ते त्यांचं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा हिशेबाचा कागद. आकडे हळूहळू नुसत्या रेघा झाले. आम्ही कधी दुरुस्त केलं नाही, संध्याकाळी कागद सही करून फाइलला लावला. आजार पुढे गेला आणि वस्तू तोंडात घालायला लागले तेव्हा नाणी काढून घेतली आणि हातरुमालांच्या घड्या दिल्या.

निवडलेल्या मेथीत काड्या राहतील. राहू द्या.

घर आणि रस्ता

संडासाचं दार त्यांना पलंगावरून दिसायला हवं. रात्री तिथला दिवा चालू ठेवा, आतली कडी काढून टाका. गडद पायपुसणं त्यांना खड्डा वाटू शकतं आणि ते ओलांडायला घाबरतात. आरशात परका माणूस दिसत असेल तर आरसा झाका. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही; रंगीत ताट वापरा. चमचा जमेना झाला की हातात धरून खाता येईल ते द्या: थालीपिठाचा तुकडा, मऊ लाडू, केळं. घास घेताना ठसका लागायला लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

बाहेर पडण्यावर कुलूप हा मुख्य उपाय करू नका. चालणं ही गरज आहे. सकाळ-संध्याकाळ बरोबर चाला. खिशात नाव आणि फोन नंबराचं कार्ड ठेवा, सदऱ्याच्या आतून तोच नंबर शिवून टाका, मोबाइलमध्ये ताजा फोटो असू द्या. आणि वही उघडून बघा: हा माणूस जाईल तर कुठे जाईल? आम्ही एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरना, कँटीनवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना दादांचा फोटो दाखवून ठेवला होता. दादा दोनदा निसटले, दोन्ही वेळा तिथेच बाकावर बसलेले सापडले. तरीही कुणी सापडत नसेल तर वाट बघत बसू नका, लगेच ११२ वर फोन करा.

गोळ्यांबद्दल थोडं

डोनेपेझिल, मेमँटिनसारख्या औषधांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो. आजार त्यानं थांबत नाही. आरडाओरडा थांबवायला दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिनसारख्या गोळ्यांबाबत सावध राहा. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांमध्ये या गटातल्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच दिला. कधी कधी त्या लागतातच. पण डॉक्टरांना विचारा: कशासाठी, किती दिवस, पुन्हा कधी तपासायचं. स्वतःहून बंदही करू नका.

वागण्यात दोन-चार दिवसांत एकदम फरक पडला, तर तो आजार वाढला असं समजू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणं, नवी गोळी यांपैकी बहुतेक वेळा काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सांभाळणारे आणि कागदपत्रं

आपल्याकडे सगळा भार एका बाईवर येतो आणि बाकीचे फोनवर सल्ले देतात. आम्ही दिरांना लेखी वाटणी करून दिली: महिन्यातले दोन शनिवार-रविवार ते येणार, आणि त्या दिवसांत मी घरात नसणार. नुसत्या "सांग काही लागलं तर" या शब्दांवर राहू नका. मदतीला बाई किंवा पुरुष मदतनीस ठेवला तर पहिल्या दिवशी काम सांगण्याआधी वही वाचून दाखवा. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, १४५६७, मोफत आहे. रात्री तुमचंच मन भरून आलं तर मानसिक आधारासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६.

बँक, मृत्युपत्र, नॉमिनी हे सगळं त्यांना समजत असतानाच करा. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते निरुपयोगी होतं, आणि मग कोर्टात जावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी आधीच नेमता येतो. आणि शांतपणे त्यांनाच विचारा की शेवटी नळ्या आणि यंत्रं हवीत का. दादा म्हणाले होते, "घरी राहू द्या." तेही वहीत लिहिलं होतं.

दवाखान्यात नेताना

एका रुग्णालयात दादांचे हात पलंगाला बांधले होते. सलाइन ओढतात म्हणून. परिचारिकांना दोष देऊन काय करणार, त्यांना समोरचा माणूस कोण हेच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी मी वहीतून अर्धं पान उतरवून पलंगाच्या वर चिकटवलं. तुमच्या माणसासाठी असंच करा, मोठ्या अक्षरात:

"यांना 'दादा' अशी हाक मारा. उजव्या कानानं ऐकू येत नाही, डाव्या बाजूनं बोला. एसटीत कंडक्टर होते. 'गाडी सुटली का?' विचारलं तर 'अजून वेळ आहे दादा, चहा घ्या' म्हणा. सुई दाखवून, सांगून, मगच टोचा. सलाइनची नळी बाहीखाली झाकून ठेवा. कपडे बदलायला वॉर्डबॉय किंवा मुलाला बोलवा, बायकांसमोर त्यांना लाज वाटते. दुखलं तर सांगत नाहीत. कपाळाला आठ्या आणि उजवी मूठ घट्ट, म्हणजे दुखतंय. चहा बशीतून. रात्री एक दिवा चालू ठेवा. हात बांधू नका, हातात ही पिशवी द्या."